खंडेनवमीला उघडलेला खड्डा

भुतं रात्री बारालाच निघतात असा ज्यांचा समज आहे, त्यांना आधीच सांगतो. हे भर दुपारी घडलं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. गाव बोरगाव, निपाणीजवळचं. जेवणं नुकतीच झाली होती. दारावर झेंडूचं तोरण होतं आणि घरभर कडबू तळल्याचा वास होता. अशा घरात कुणाला भीती वाटेल का? मलाही वाटली नव्हती.

गोष्टी रंगवून सांगायची मला खोड आहे, माझे मित्र सांगतील. पण ही मी रंगवलेली नाही. तेवढी हिंमतच नाही.

मी मंथन. नोकरी बेळगावात, पण घर इथलं, विणकराचं. अंगणापलीकडच्या शेडमध्ये आमचे पॉवरलूम आहेत. ते आप्पा बघतात. आप्पा म्हणजे माझे वडील, सुबराव. आमच्या गल्लीत घरटी माग आहेत. जन्मल्यापासून कानात तोच खडखडाट. आम्हाला त्या आवाजात झोप लागते आणि तो थांबला की जाग येते.

खंडेनवमीला तो थांबतो.

त्या दिवशी माग पुसून, हळदकुंकू लावून बसवतात. पाने, पकडी, हातोड्या, सगळं पूजेला मांडतात. गाड्यांना हार घालतात. एकदा बसवलं की दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही.

आणि मी नेमका त्याच दिवशी पूजेतला पाना उचलला.

हौस म्हणून नाही. माझी मोठी बहीण सुवर्णाक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर चिकोडीचं. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख अजून तीन आठवडे लांब होती. दवाखाना निपाणीला, आणि तिला न्यायचं ते माझ्याच गाडीतून, असं ठरलं होतं.

पण आदल्या दिवशी बेळगावहून येताना त्या गाडीनं तवंदी घाटात मला रडवलं. जुनी घेतलेली ऑटोमॅटिक गाडी. गिअर बदलताना हिसका मारायची. इंजिन नुसतंच ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर गिअर ऑइल काळंकुट्ट, जळका वास. गॅरेजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "पानं पूजेत बसल्यात. दसरा झाल्यावर या."

आक्काला घेऊन जाताना गाडी वाटेत बंद पडली तर? त्या विचारानं मला चैन पडेना. हिसका आधीपासूनच होता, म्हणून नवं ऑइल बेळगावातून आणलेलंच होतं. व्हिडिओ बघितले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दिवशी मला ते पटलं नसतं.

प्रश्न एकच होता. गाडीखाली शिरायचं कसं?

शेडच्या मागच्या कोपऱ्यात फळ्या टाकून झाकलेला एक खड्डा होता. पूर्वी तिथे हातमाग होता. हातमागावर विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खाली बांधलेल्या दोन लाकडी पावड्या पायानं दाबतो. एकदा डावी, एकदा उजवी. तो माग माझ्या जन्माआधीच मोडला. लाकूडसुद्धा राहिलं नव्हतं. राहिला होता तो खड्डा, कमरेएवढा खोल.

लहानपणी आम्हाला तिथे खेळू देत नसत. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पा देवळात गेले होते. आई आणि आक्का आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी फळ्या काढल्या, हार घातलेली गाडी हळूच खड्ड्यावर आणून उभी केली आणि पुढच्या बाजूनं आत उतरलो. उकिडवा बसलो की गाडीचं पोट बरोबर डोळ्यांसमोर येत होतं. गॅरेजलाही इतकी सोय नसते, असं मनात आलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

बोल्ट सैल केला. काळं ऑइल खालच्या घमेल्यात पडू लागलं.

गल्लीत एकही माग चालू नव्हता. इतकी शांतता की ऑइलची धार ऐकू येत होती.

मग धार बारीक झाली...

थेंब...

थेंब...

खट.

मी मान वळवली. वाटलं, पाना घसरला. पाना माझ्या हातात होता.

खट... खट.

पॉवरलूमचा आवाज असा नसतो. तो एकसारखा धडधडतो. हा सुटा, सावकाश आवाज होता. हातमागावर कुणीतरी हातानं धोटा इकडून तिकडे फेकावा, थांबावं, परत फेकावा, असा. आणि तो बाहेरून येत नव्हता.

घाई केली. बोल्ट भोकात धरून बोटांनी फिरवला. आता पाना लावून आवळायचा, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात माझ्या डाव्या पायाखालची जमीन दबली.

फळी दबावी तशी दबली... आणि वर आली.

मग उजव्या पायाखालची.

मग परत डावी.

मी पाय हलवत नव्हतो. माझे पाय हलवले जात होते.

कसा बाहेर आलो ते आठवत नाही. डोकं गाडीच्या पोटावर आपटलं, कोपर सोललं. अंगणात येऊन उन्हात उभा राहिलो. समोर तुळस, दोरीवर आक्काची धुतलेली साडी. सगळं नेहमीसारखं.

पाच-दहा मिनिटांत अक्कल परत आली, किंवा गेली म्हणा. उपाशी नव्हतो, पण वाकून बसल्यानं मुंग्या आल्या असतील, असं मनाला समजावलं. खड्ड्यात परत उतरायची मात्र छाती झाली नाही. बोल्ट बसवलाय, नंतर आवळू, म्हटलं. वरून पट्टीच्या नळीतून नवं ऑइल ओतलं. कुंकवासारखं तांबडं असतं ते. गाडी चालू केली, गिअरचा दांडा सगळीकडे फिरवला आणि ऑइल किती आहे ते बघायला पट्टी बाहेर काढली.

या कामात एक पथ्य असतं. पट्टी पुसायला सुती चिंधी घ्यायची नाही, कारण धाग्याचं एक तूससुद्धा आत जाता कामा नये. विणकराच्या घरात याची मी किती काळजी घेतली असेल बघा.

पट्टीच्या टोकाला धागा होता.

हिरवा.

तांबड्या ऑइलातून आलेला, आणि कोरडा.

मी ओढला. तो आला. अजून ओढला... अजून आला. हातभर झाला, दोन हात झाला. बॉनेटवर हिरवं वेटोळं जमू लागलं आणि नळीतून धागा येतच राहिला.

"काय कराय लागलायस रं?"

आप्पा शेडच्या दारात उभे होते. त्यांनी आधी उघडा खड्डा बघितला. मग माझ्या हातातला धागा बघितला. आप्पांचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

"ओढू नको! मंथ्या, तोडू नको त्यो..."

मी दचकलो. हाताला हिसका बसला.

धागा तुटला.

आणि त्याच क्षणी आतून आक्काची किंकाळी आली.

तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. आई दारात येऊन ओरडली, "गाडी काढा! पोरगी लई कळवळाय लागलीया." अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसरीकडे गेली होती, यायला तासभर लागेल म्हणाले.

मी आप्पांकडे बघितलं. वाटलं, ते आता पूजेचं काढणार. खंडेनवमीला बसवलेली गाडी हलवायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

आप्पांनी पुढे होऊन गाडीवरचा हार ओरबाडून काढला आणि पायाखाली टाकला.

"ह्या वेळेला न्हाय," ते म्हणाले. पण ते माझ्याशी बोलत नव्हते. खड्ड्याकडे बघून बोलत होते. "ह्या वेळेला न्हाय थांबणार, मालूआक्का."

ही मालूआक्का कोण, हे विचारायला वेळ नव्हता.

मागे आई आणि आक्का. पुढे मी आणि आप्पा. गाडी निघाली. एक हिसका नाही, एक झटका नाही. लोण्यासारखे गिअर पडत होते. मागे आक्का कण्हत होती. मध्येच ती शांत झाली. आरशात बघितलं तर ती मधोमध बसून, आईच्या विरुद्ध बाजूला, खिडकीकडे डोकं कलवून डोळे मिटून होती. त्या बाजूची सीट रिकामी होती. तिचं डोकं मात्र कशावर तरी टेकलेलं होतं.

मी परत आरशात बघितलं नाही.

गाडीखालून आवाज येत होता. आप्पांनाही येत होता, कारण त्यांनी कान झाकले होते.

खट... खट... थेट निपाणीपर्यंत.

दवाखान्यात पोहोचलो आणि थोड्याच वेळात आक्काला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाल्या, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींचं काही खरं नव्हतं."

बाहेरच्या बाकड्यावर आप्पा लहान पोरासारखे रडले. मग त्यांनी सांगितलं.

मालुबाई ही त्यांची थोरली बहीण. माझी आत्या. तीही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हात रिकामा ठेवायची सवय नव्हती, म्हणून बाळाच्या बारशाला नेसायला स्वतःसाठी हिरवी साडी विणत होती. खंडेनवमीला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सूत आणायचा टेम्पो दारातच उभा होता, हार घालून. माझे आजोबा म्हणाले, बसवलेलं वाहन हलवायचं नाही, सुईणीला बोलवा. सुईण गावाला गेली होती. आत्या उठली आणि आपल्या मागावर जाऊन बसली. पाय खड्ड्यात सोडून. तिथेच गेली, बाळासकट.

"मी सातवीत होतो," आप्पा म्हणाले. "टेम्पोच्या हाराची फुलं मोजत बसलोतो रं. दुसरं काय करणार?"

मागावरची साडी आजोबांनी कापून दूधगंगेत सोडली. पदर विणायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. घमेलं काढायला खड्ड्यात वाकलो आणि तळाशी काहीतरी चमकलं.

बोल्ट. मी बोटांनी बसवलेला, न आवळलेला बोल्ट.

म्हणजे आम्ही निपाणीला जाऊन आलो ते बोल्टशिवाय. ऑइल वाटेतच सांडून गाडी जागच्या जागी बंद पडायला हवी होती. बाहेर जाऊन गाडीखाली टॉर्च मारला. एक थेंब सांडलेला नव्हता. भोकात हिरव्या सुताची गुंडी ठासून बसवली होती, आणि वर गाठ. मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात, ती.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की. आत्यानं भाचीला वाचवलं. मीही तसंच समजत होतो. खड्डा भरून घेतला, वर काँक्रीट केलं, साडी-चोळी वाहिली.

मग बारशाच्या दिवशी आक्कानं आईला विचारलं.

"आई, गाडीत माझ्या दुसऱ्या बाजूला त्या कोण बाई होत्या गं? मी त्यांच्या खांद्यावरच डोकं ठेवलंतं. हिरवं लुगडं. पण त्याला पदरच नव्हता बघ."

आईनं कसंबसं विचारलं, "काय बोलल्या?"

"म्हणाल्या, 'पोरगी माझीच हाय. पदर झाला की न्यायला येते.'"

आक्काला आम्ही काही सांगितलं नाही. बाळंतिणीला भ्रम होतो, म्हणून विषय मिटवला. तिसऱ्या महिन्यात तिला चिकोडीला पाठवलं आणि तेव्हापासून काही ना काही कारण काढून इकडे येऊ दिलं नाही.

पण वीज गेली की गल्लीतले माग बंद पडतात. मग शेडमधून ऐकू येतं. काँक्रीटच्या खालून.

खट... खट... खट...

आप्पा हातातलं काम टाकून ऐकत उभे राहतात. त्यांचं आयुष्य मागावर गेलंय. नुसत्या आवाजावरून ते सांगतात, काय विणणं चाललंय.

"अजून साडीचं अंगच हाय," वर्षभर ते मला हेच सांगत आले. "पदर लागला न्हाय."

परवा संध्याकाळी वीज गेली. आवाज सुरू झाला. पण तो निराळा होता. एक खट... मग बराच वेळ काहीच नाही... मग एक खट. पदरात जरीचा एक एक धागा हातानं भरताना येतो, तसा.

आप्पांनी वाकून काँक्रीटला कान लावला. त्यांनी सांगायची गरज नव्हती, विणकराचा पोरगा मीही आहे.

आज सकाळी आक्काचा फोन आला होता. पोरगी आता उभी राहायला लागलीय म्हणे, धरून धरून दोन्ही पाय आळीपाळीनं दाबत उभी राहते. आणि दसऱ्याला ती पोरीला घेऊन माहेरी येणार आहे. दाजींनी सुट्टीही काढलीय.

मी नको म्हटलं. तर हसली आणि म्हणाली, "अरे, मी येणारच न्हवते रं. पण पोरगी आठवडाभर दाराकडंच बोट दाखवाय लागलीया."