काहिलीची रिकामी कड

दसरा उलटला तसा कृष्णात गुऱ्हाळावर काहील घासायला बसला होता. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. तेवढ्यात भुई हलली. कोयनेच्या मोठ्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती; धक्का ओसरला की चहाची कपबशी पुन्हा उचलायची, इतकं गाव सरावलं होतं. पण पाठोपाठ हाळी उठली, "धरण गेलं रं!" धरण जागच्या जागी होतं. आठवडाभराच्या पावसानं कृष्णामाई मात्र खरंच गल्लीत शिरली.

सगळं गाव ओढ्यापलीकडच्या माळावर पळालं. मागं राहिले कृष्णात आणि कळांनी विव्हळणारी त्याची बायको रंगू. नवसासायासाचं पहिलंच पोर! कृष्णातचा जीव टांगणीला लागला.

त्यानं काहील पाण्यात लोटली, रंगूला एका कडेला बसवलं. पुरात माणसं अशीच काढायची, ही तिथली रीत. पण समोरच्या कडेला वजन नसेल तर काहील कलंडते, म्हणून निघण्याआधी हाळी द्यायची. घाईघाईत त्यानं ओसाड गल्लीकडं तोंड करून ती दिलीच.

"कोण ऱ्हायलंय का? या, बसा!"

कुणी ओ दिली नाही. रंगूच्या बाजूला कललेली काहील मात्र आपसूक समतोल झाली.

"देव पावला बग!" म्हणत तो कड धरून पोहू लागला. अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. वाहते ओंडके चुकवत काहील नुसती पळत होती! पाण्याला पडक्या भिंतीच्या मातीचा वास येत होता. माळावरची माणसं हात हलवताना दिसू लागली.

"आवं..." रंगू हळूच म्हणाली, "समूर मनुबाई बसलीया..."

कृष्णातच्या नाकातोंडात पाणी गेलं. शेजारची मनुबाई मोठ्या भूकंपात भिंतीखाली गेली होती. पोटुशी होती, दिवस भरलेले.

"काय... काय म्हनतीया?"

"काय न्हाई. नुसती माज्या पोटाकडं बगतीया... हात फुडं करतीया..."

"तू बगू नगंस! आलोच आपून!"

जिवाच्या आकांतानं त्यानं रेटा दिला आणि काहील काठाला लागली. चौघांनी रंगूला उचललं. एकच गलका झाला. कृष्णात हसत होता, रडत होता. सुईण धोंडुबाईनं रंगूच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"आगं, तू तर मोकळी झालीयास... प्वार कुटं हाय?"

मागं काहील काठापासून सुटली होती. एका कडेला कललेली, प्रवाहाच्या उलट, बुडालेल्या गावाकडं सरळ चालली होती. आतून तान्ह्याचं रडणं येत होतं.

कृष्णातनं पाण्यात उडी घेतली, तेवढ्यात ते रडणं थांबलं... आईनं पदराखाली घेतल्यावर थांबतं, तसं.