गुरुवारचा फोन

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, पुढे येऊन मला विज्ञान शिकवू नये.

घडली माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. तिचं नाव सुचित्रा. जागा परळ, एका बड्या हॉस्पिटलचा चौथा मजला. आणि वेळ म्हणाल तर दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. भर उन्हाची वेळ. भुतं फक्त अमावास्येला, पिंपळाखाली, असा ज्यांचा समज आहे त्यांना गोष्टीची वेळच आवडणार नाही.

सुचित्रा तिथे नर्स. पण सुई टोचणारी नाही, फोन करणारी. हॉस्पिटलने त्या खोलीला 'हृदयसंवाद कक्ष' असं भारदस्त नाव दिलं होतं. आत सहा खुर्च्या, सहा हेडफोन आणि एक कुलर, तोही गरम हवा मारणारा.

काम सोपं. ज्यांचं हृदय कमजोर झालंय, त्यांना आठवड्यातून एकदा फोन. वजन किती? पायाला सूज? मोज्यांचा वळ उठतो का? रात्री किती उशा घेऊन झोपता?

उशांचा प्रश्न ऐकून लोक हसतात. हसू नये. हृदय थकलं की छातीत पाणी साठतं, सपाट झोपलं की गुदमरतं. मग माणूस एकाच्या दोन उशा करतो, दोनाच्या तीन. उशा वाढल्या की समजावं, स्क्रीनवर लाल रंग. लाल रंग आला की त्याच दिवशी डॉक्टर. नाहीतर हिरवा, आणि पुढचा नंबर.

सुचित्राचा कान तयार होता. पेशंट एका श्वासात किती शब्द बोलतो ते ती मोजायची. दहा-बारा म्हणजे बरा. चार म्हणजे काळजी.

आणि पेशंट खोटं कसं बोलतात, हे तर तिला पाठ.

हिंदू कॉलनीतल्या मीनाक्षीताई. "मीठ? मी तर विसरलेच त्याची चव!" मागून सून विचारायची, "आई, लोणच्याची बरणी कुठे ठेवलीत?" गिरगावचे रमाकांत, रिटायर हेडक्लार्क. तपासणीला येताना महिन्याभराच्या वजनाचा फॉर्म एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहून मोकळे. वर तिलाच सांगायचे, "सिस्टर, तुमच्या फॉर्ममध्ये रकाने कमी आहेत."

सुचित्रा फोन ठेवून म्हणायची, "मरतील, पण पापड सोडणार नाहीत."

या सगळ्यांत खरं बोलणारी एकच. लक्ष्मीबाई. चिंचपोकळीच्या चाळीत राहायची, मूळ मालवणची, नवरा गिरणीत होता तो गेला. खरं तेच बोलायची, पण सगळंच बोलायची.

"वजन चोपन... गो बाय. उशी दोन... घेतंय मी. काल जरा... सुको बांगडो खाल्लंय. खोटा कशाक... बोलू? तू जेवलंस... काय गो?"

चार शब्द, श्वास. चार शब्द, श्वास. मागे कुकरच्या शिट्ट्या, पोरांची भांडणं, स्टेशनवरची घोषणा.

एका फोनला आठ मिनिटं ठरलेली. लक्ष्मीबाई वीस घ्यायची. मग सुपरवायझर वैभव काचेवर टिचकी मारायचा. या वैभवने आयुष्यात कुणाची नाडी धरली नव्हती, पण टार्गेटची नाडी त्याला बरोबर सापडायची.

"सुचित्रा, गप्पा घरी. बेचाळीस कॉल झाले पाहिजेत."

स्क्रीनवर एक बटण होतं. 'मागीलप्रमाणे'. दाबलं की गेल्या आठवड्याची सगळी उत्तरं आपोआप उतरायची. ते ठेवलं होतं पत्ता न् फोन नंबर पुन्हा लिहायला लागू नये म्हणून. पण खोलीतल्या सहाही जणी ते कशाकशाला दाबायच्या, ते देवाला ठाऊक. वैभवलाही ठाऊक होतं. पण बेचाळीस होत होते ना!

एका गुरुवारी सुचित्राने लक्ष्मीबाईच्या नावापुढे ते दाबलं.

वजन चोपन्न. उशा दोन. सूज नाही. हिरवा.

फोन केलाच नाही.

काही बिघडलं नाही. पुढच्या गुरुवारी परत दाबलं. त्याच्या पुढच्याही.

चौथा गुरुवार. तीन वाजून दहा.

हेडफोन वाजला...

स्क्रीनवर नाव आलं, लक्ष्मीबाई.

सुचित्राला आधी रागच आला. मग तिच्या लक्षात आलं... त्या खोलीतून फोन फक्त बाहेर जायचे. पेशंटने उलटा केला तर लागतच नसे.

तिने उचलला.

"बाये, तीन गुरवार इसरलंस गो."

"नाही हो आजी, जरा कामाची गडबड होती. बोला, वजन किती?"

"काटो हलणाच नाय."

"सेल संपला असेल. मुलाला सांगा बदलायला. पायाची सूज?"

"नाय."

"धाप?"

"धाप नाय सूज नाय पाय हलके झाले उशी पण नको एकव आता सपाट झोपतंय बाये अगदी सपाट गार वाटता."

सुचित्राची बोटं टाइप करत होती. सूज नाही. धाप नाही. उशा शून्य. एवढी सुधारणा तिने कुणातच पाहिली नव्हती.

मग बोटं थांबली.

सवयीने कान मोजत होता... दहा शब्द. बारा. सोळा...

मध्ये श्वास नव्हता.

तिने हेडफोन कानावर दाबला. कुकर नाही. पोरं नाहीत. स्टेशनची घोषणा नाही. अख्खी चाळ कुणी उचलून नेल्यासारखी.

"आजी... घरी कुणी आहे का? तुमचा निलेश आहे?"

"माझा झाला. आता तुझा सांग."

"काय?"

"तुझे पाय कसे आसत? मोज्याचो वळ उठता?"

सुचित्रा हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. "मला काय झालंय आजी? चौतीस वर्षांची आहे मी."

"किती उशी घेतंस?"

"एकच घेते."



"घेशीत हां," लक्ष्मीबाई म्हणाली. मायेनेच म्हणाली. "इचारीन मी. दर गुरवारी इचारीन. मी इसरणा नाय."

फोन बंद.

काचेवर टिचकी. वैभव अंगठा दाखवत होता. "लक्ष्मीबाई एकदम टॉप! शून्य उशा! हिची केस मीटिंगला दाखवू."

सुचित्राने मुलाचा नंबर लावला. 

"निलेश, आईंना जरा फोन द्या."

"कोण बोलतंय?"

"हॉस्पिटलमधून सुचित्रा सिस्टर. आत्ताच त्यांचा फोन—"

 मागे कुकर वाजला. पोरं भांडत होती.

"मॅडम, आई जाऊन वीस दिवस झाले."

सुचित्राने बोटांवर गुरुवार मोजले.

"तुमच्याकडे आणतच होतो. टॅक्सीतच गेली. शुक्रवारी पहाटे." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आदल्या दिवशी पाय हे एवढे सुजलेले. चार उशा लावून बसवलेली. मी म्हटलं, चल, दाखवून येऊ. ऐकेना. म्हणाली, आज गुरुवार आहे, त्या बायचा फोन येतलो. ती सांगात तसा करूया. दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसलेली, मॅडम. चार्जिंग संपेल म्हणून मला पण हात लावू दिला नाही."

"निलेश, मी..."

"तो फोन तेव्हापासून कपाटात आहे. बंद. तुम्हाला कुणाचा फोन आला?"

तिने लाइन कापली.

मग रजिस्टर उघडलं. लक्ष्मीबाईच्या नावापुढे ओळीने चार हिरवे. पहिला, ती फोन मांडीवर घेऊन बसली होती त्या दिवसाचा. पुढचे दोन, ती नसतानाचे. वजन चोपन्न, उशा दोन. मेलेली बाई दोन आठवडे हॉस्पिटलच्या हिशेबी ठणठणीत होती. चौथा आजचा.

तिथले कॉल रेकॉर्ड होतात. तिने आजचा लावला.

तिचाच आवाज. "बोला, वजन किती?"

शांतता...

"सेल संपला असेल. मुलाला सांगा बदलायला."

शांतता...

शेवटी, "एकच घेते."

आणि मग... रेकॉर्डिंग अजून आठ सेकंद चाललं. त्यात काहीच नव्हतं. पण तिने ते परत लावलं नाही.

वैभवला तिने सगळं सांगितलं. बटणाचंही. त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला, पण कशासाठी? म्हणाला, "आजपासून मयत दाखव. मागच्या नोंदींना हात लावू नकोस, बदल केला की ऑडिटला दिसतो." आणि हळूच विचारलं, "मुलगा तक्रार करणार आहे का?"

मुलाने तक्रार केली नाही. मीटिंगला वैभवने मीनाक्षीताईंची केस दाखवली.

सुचित्राने महिन्याभरात नोकरी सोडली. अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये घरीच असते. लोकांनी विचारलं तर सांगते, नाइट ड्युटी झेपेना. त्या खोलीत नाइट ड्युटी नव्हतीच कधी. पेशंटकडून खोटं बोलणं शिकली म्हणायची.

गेल्या गुरुवारी मी तिच्याकडे गेले होते. तिनेच चहा केला. गोष्टही तिनेच सांगितली, जशी इथे लिहिली तशी. मी म्हटलं, "एकदा सगळं तपासून घे." तिने फाइल समोर टाकली. कार्डिओग्राम, इको, रक्त. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका.

ती पाय वर घेऊन बसली होती. मोजे उतरवलेले. घोट्याच्या वर वळ दिसत होता. खोल, गोल, बोट बुडेल एवढा.

मी नजर वळवली. तर समोर पलंग.

घड्याळात तीन वाजून दहा झाले, आणि तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नंबर नव्हता. तिने शाळेतल्या मुलीसारखा मुकाट्याने उचलला.

"हो आजी," ती म्हणाली. "आहे. थोडी आहे."

मग ऐकत राहिली.

मग पलंगाकडे बघितलं आणि म्हणाली, "तीन."

पुढेही ती बराच वेळ बोलत होती. मला शब्द आठवत नाहीत. मी फक्त मोजत होते.

एका श्वासात चार.