लिंक पुसणारा शोधन

दोर ताणला गेला तेव्हा दीक्षिताला वाटलं, मोठं काहीतरी लागलं! तिने काठी उचलली, रीळ गरगरा फिरवलं... आणि वाळूच्या टोकावरचा एक उंच तरुण आपल्या काठीसकट तिच्या दिशेने ओढला जाऊ लागला.

"अहो, अहो, थांबा! मला कुठे नेताय?"

"तुमचा दोर माझ्या दोरात आलाय!"

"माझा आला, की तुमचा गेला?"

मंगळूरजवळ मुल्कीला शांभवी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला गळ टाकणाऱ्यांची दाटी असते. गुंता होणं नवं नव्हतं. दोघं गुडघाभर पाण्यात उभं राहून गाठी सोडवू लागले. वरून भुरभुर पाऊस. एकदा त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघांनीही उगाचच गाठीकडे जास्त लक्ष दिलं.

"काठी झकास आहे," तो म्हणाला. "पण हिच्या कड्या खाऱ्या पाण्यात गंजतील."

"नाही गंजत. अख्खा पावसाळा वापरलीय. तसं लिहिलंयही मी."

त्याचा हात थांबला. "म्हणजे... गळाच्या सामानाची वेबसाइट चालवणाऱ्या दीक्षिता कर्केरा, त्या तुम्ही?"

ती खुलली. "वाचता तुम्ही?"

"वाचतो ना. आणि मग तुमच्या लिंका पुसतो." तो जरासा ओशाळून हसला. "मी शोधन बंगेरा. ग्रुपचा ॲडमिन."

दीक्षिताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. हाच तो! कारवारपासून कासरगोडपर्यंतचे गळवाले ज्या ऑनलाइन ग्रुपवर दिवसभर गप्पा छाटत, तिथे तिने काही टाकलं, की हा पुसून मोकळा.

"माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही, कळतंय?"

"आणि तुम्ही काय करता? येता, लिंक टाकता, पसार होता. घरी आलेला पाहुणासुद्धा घोटभर पाणी पिऊन जातो हो! तुम्ही तर उंबऱ्यावरूनच पावती फाडता."

ती तरातरा निघून गेली. राग यायचं खरं कारण म्हणजे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

लिहायचं, दुकानाची लिंक द्यायची, लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकानाने कमिशन द्यायचं... असा तिचा धंदा. पूर्वी लोक इंटरनेटवर शोधत शोधत तिच्यापर्यंत यायचे. आता शोधणाऱ्याला उत्तर शोधाच्या पानावरच आयतं मिळे. तिच्या पानापर्यंत यायला कुणाला सवड नव्हती. कमाई आटत चालली होती. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बंगळूरच्या एका विमा कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. 'दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बॅग भरायची,' असं घरात ठरलं होतं.

त्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'रीळ खरखरतंय, काय करू?' दीक्षिताने सविस्तर उत्तर दिलं. लिंक दिली नाही. मग रोजच देऊ लागली. कुणाचा दोर तुटतो, कुणाची गाठ सुटते... तिला मजाच यायला लागली.

एके सकाळी शोधनचा निरोप आला. 'पाहुण्या चक्क चहाला थांबल्या की!'

'चहा कुणी विचारलाच नाही अजून.'

'ससिहित्लूच्या किनाऱ्यावर चहाबरोबर मैद्याची भजी, गोळीबजेही मिळतात. रविवारी या. येताना तुमची रिळं घेऊन.'

रविवारी तिथे दहाबारा जण जमले होते. निवृत्त हेडमिस्ट्रेस फ्लोरिनबाई, टेम्पोवाले हमीदकाका, कॉलेजची पोरं. सगळ्यांनी मिळून सामान खाऱ्या पाण्यात बुडवलं, वाळूत लोळवलं, मनसोक्त शिव्या घातल्या. दीक्षिताने ते सगळं लिहिलं, ज्याचं मत त्याच्या नावासकट. खाली साफ लिहिलं: 'या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं.' ग्रुपने एकमुखाने ठरवलं, ही लिंक राहू द्यायची.

"आता तरी पुसणार नाही ना?" पुढच्या रविवारी तिने गोळीबजे चटणीत बुडवत विचारलं.

"पुसली तर हमीदकाका मला पुसून टाकतील." शोधनने टिश्यू पुढे केला. "हनुवटीवर चटणी आहे. ती... ती तूच पूस. मला परवानगी नाही."

"मागितलीस कधी?"

तो आपला समुद्राकडेच बघत बसला. पण कान मात्र लाल झाले होते, आणि ते दीक्षिताने नीट पाहून घेतलं.

लोक वाचू लागले, विश्वासाने विकत घेऊ लागले. आणि मग एका बड्या ऑनलाइन दुकानाचा फोन आला. त्यांनी स्वतःच्या नावाने नवं रीळ काढलं होतं. दसऱ्याआधी कौतुक छापलं, तर कमिशन दुप्पट. बंगळूरचा विषयच मिटला असता. पण रविवारी ते रीळ खाऱ्या पाण्यात घातलं आणि दुपारपर्यंत त्याचा दांडा हलेना.

"काय करू रे?" वाळूत पाय खुपसून तिने विचारलं.

"मी नाही सांगणार."

"असला कसला ॲडमिन तू!"

"उद्या पस्तावलीस तर मला बोल लावशील. ते मला... परवडणार नाही, दीक्षिता."

घरी येऊन तिने जे घडलं तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाने तिचं खातं बंद केलं. तिच्या जवळजवळ सगळ्या लिंका त्याच दुकानाच्या. एका फटक्यात सगळ्या मेल्या. अप्पांनी माळ्यावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली. दीक्षिता त्या बॅगेकडे बघत जेवली.

ग्रुपवर तिने चार ओळी लिहिल्या, 'खातं बंद झालंय. तुमच्याबरोबर मजा आली.' आणि फोन उशीखाली सारला.

सकाळी बघते तो फोन निरोपांनी भरलेला! फ्लोरिनबाईंनी मंगळूरच्या जुन्या दुकानदाराला झापलं होतं, 'ही पोर खरं बोलते. तिच्याशी थेट करार कर.' हमीदकाकांनी कोचीत लाकडी आमिषं बनवणाऱ्या बाईंना गाठलं होतं. कुणी काठ्या करणारा शोधला, कुणी दोर विणणारा. सगळे छोटे धंदेवाले, जाहिरातीला पैसा नसलेले. प्रत्येकाचं एकच म्हणणं: आम्हाला दीक्षिताची लिंक हवी.

तिने शोधनला फोन लावला. "तू केलंस ना हे?"

"शपथ, नाही! मी झोपलो होतो. मला विचारायलासुद्धा कुणी थांबलं नाही." मग हळूच म्हणाला, "पण मी जागा असतो... तर केलं असतं."

दसऱ्याला तिची कमाई पूर्वी कधी नव्हती एवढी झाली. छोट्या दुकानदारांकडचं सामान पुरेना. केरळातल्या एका सायकलवेड्या मुलीने विचारलं, 'आमच्या सायकलच्या ग्रुपला असं लिहायला शिकवाल?' अप्पांनी बॅग परत माळ्यावर टाकली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मुलगी कुठे जात नाही!"

दिवाळीनंतर ग्रुपचा मेळावा भरला. शांभवीच्या मुखाशी रंगीत छत्र्या, हमीदकाकांची बिर्याणी. आणि भर गर्दीत दीक्षिताच्या गळाला जिताडा लागला. असा, की काठी कमानीसारखी वाकली! ती कमरेपर्यंत पाण्यात. शोधन जाळी घेऊन शेजारी धावला.

"सैल सोड... आता घे... दीक्षिता, एक सांगायचंय."

"सांग लवकर!"

"मला तू आवडतेस. फार. आणि मी तुला?"

"आत्ता?" ती किंचाळली. "हे आत्ता सांगायचं?"

"एरवी धीर होत नाही गं! आत्ता तुझे दोन्ही हात अडकलेत. मारू शकत नाहीस."

जिताड्याने उसळी घेतली, पाणी दोघांच्या तोंडावर उडालं. ती हसत होती की रडत होती, खाऱ्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता. "जाळी धर! आधी जाळी धर, मूर्खा!"

त्याने जाळी घातली. रुपेरी, थोराड जिताडा वर आला आणि सगळा किनारा ओरडला. फ्लोरिनबाई शिट्टी वाजवत होत्या. हेडमिस्ट्रेस असूनही!

जाळी दोघांनी मिळून धरली होती. ओल्या बोटांवर ओली बोटं. या वेळी कुणीच मागे घेतली नाहीत.

"अगं, तो काय विचारतोय, त्याचं उत्तर दे की!" हमीदकाका काठावरून गरजले. "मासा ताटकळलाय, आम्ही ताटकळलोय!"

दीक्षिताने शोधनकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाणी चमकत होतं आणि कान पुन्हा लालबुंद झाले होते.

"हो!" ती साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "हो, हो, हो!"