कड्यावरच्या बेटाचा कौल

म्हसळ्याच्या बाजारात काथ्याच्या त्या एकाच दोराला दोघांनी एकदम हात घातला. एक टोक गोदूच्या मुठीत, दुसरं एका उंच, सावळ्या तरुणाच्या.

"सोडा की. मी आदी धरलाय."

"आन् मी आदी बघितलाय." तो हसला. "तुला कशाला गं एवढा लांब दोर?"

"विहिरीला. आन् तुमाला?"

"माणसं ओढायला."

"माणसं? म्हंजे गुरं म्हना!"

"न्हाय, माणसंच." त्याचं नाव येसाजी. डोंगरावरच्या वरच्या वाडीचा. तिथली नदी कड्यावरून खाली झेप घेते, तिथं अगदी तोंडाशी खडकाचं एक बेट आहे. बेटावर देवी. भादव्यात लोक नवस फेडायला, कौल घ्यायला येतात आणि येसाजी त्यांना दोराच्या आधारानं पाण्यातून पलीकडे नेतो. देवीची पूजा त्याच्याच घराकडे.

"जुना दोर झिजलाय," तो म्हणाला. "माणूस निसटला तर सरळ कड्याखालच्या गावात."

"बरंय की. आमच्याच गावाला आयता पावना!"

तो इतक्या मोठ्यानं हसला की दोरवाला म्हाताराही हसू लागला. गोदूनं मूठ सैल केली. विहिरीला जुना दोर आणखी महिनाभर चालला असता.

"कवातरी ये," दोर खांद्यावर टाकत तो म्हणाला. "ह्याच दोरानं न्हेतो."

ती रिकाम्या हातानंच घरी परतली. पण त्या दिवसापासून शेतात वाकताना, पाणी शेंदताना तिची नजर डोंगराकडे जाऊ लागली. जन्मापासून पाहिलेला तो धबधबा... खालून नुसती पांढरी रेघ दिसायची. त्या रेघेच्या टोकाशी कुणी राहतं, हसतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

गोदूला एकोणिसावं संपत आलं होतं. आई गेली तेव्हापासून दोन लहान भावांना तिनंच वाढवलं. त्यात तिचं लग्न मागं पडलं. पंधरवडा गेला आणि तिची आत्या, सोनाबाई, एक स्थळ घेऊन आली. मुंबईला गिरणीत कामाला असलेला, चाळिशीला टेकलेला बिजवर.

"मानूस गरीब हाय, दारू पीत न्हाय," आत्या म्हणाली. "आजून काय पायजे?"

गोदूचे वडील कोंडाजी मुळातच अबोल. त्यांनी पोरीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बेटावरच्या देवीला कौल लावा. ती सांगंल तसं."

दुसऱ्या दिवशी आत्या-भाची डोंगर चढल्या. वर पोचेस्तोवर आत्याचे गुडघे बोलू लागले होते. आणि समोर... गोदू जागीच थांबली. नदी बेटापाशी दुभंगत होती, दोन्ही बाजूंनी वळसा घालत होती आणि पुढं नुसतं आभाळ. पाण्याचा घोष छातीत घुमत होता. तुषारांनी हवा पांढरी झाली होती.

काठावरच्या जांभळीला दोर बांधून येसाजी उभा होता. तिला पाहून तो हसला, मग आत्याला पाहून गंभीर झाला.

"कौल घ्यायचाय," आत्यानं सांगितलं. "मुंबईचं स्थळ आलंय हिला. माजं गुडघं काय त्या पान्यात टिकायचं न्हाईत. तिलाच न्या. मी हितनं बघते."

येसाजीचा चेहरा क्षणभर उतरला. ते गोदूनं पाहिलं.

पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं. गोदूनं दोर घट्ट धरला होता. प्रवाहाच्या खालच्या अंगाला येसाजी, तिच्या आड भिंतीसारखा. मधेच शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि त्यानं मनगट धरलं.

"खाली बघू नको. माज्याकडं बघ."

"तेच तर अवघड हाय," ती पुटपुटली.

"काय म्हनलीस?"

"काय न्हाय!"

बेटावर पोचल्यावरही मनगट सोडायला दोघंही विसरले... काठावरून आत्या खाकरली असावी, पण त्या घोषात ऐकू कोणाला येणार?

कड्याच्या टोकाशी त्यानं तिला खाली दाखवलं. हिरव्या भातशेतांचे तुकडे, खाडीचं वळण, दूर समुद्राची चकाकी.

"ते चिंचेखालचं घर हाय ना? दगडी गडग्यावर कधीकधी लाल लुगडं वाळत असतं बघ. तीन वर्सं बघतोय मी. कुनाचं असंल, सारखं वाटतं."

गोदूच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "माजं," ती म्हणाली.

येसाजीनं पुन्हा एकदा खाली त्या घराकडे पाहिलं. मग वळून त्यानं देवीच्या पाषाणाला तगरीच्या दोन कळ्या लावल्या. "उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मनात इचार."

गोदूनं डोळे मिटले. ओठ हलले. तुषारांचा एक झोत आला... आणि टप्पकन एक कळी पडली.

उजवी.

गोदूच्या तोंडावर हसू फुटलं. येसाजीनं ते पाहिलं आणि मान वळवली. परतताना तो एक शब्द बोलला नाही. मात्र तिच्या खालच्या अंगाला तसाच भिंतीसारखा चालत राहिला.

"काय झालं? कुठली पडली?" आत्या अधीर झाली होती.

खोटं बोलायला कितीसा वेळ लागला असता! पण येसाजी म्हणाला, "उजवी, मावशे. देवीनं होकार दिला."

"बरं झालं बाई! उद्याच मुंबईला निरोप धाडते."

"आत्या," लुगड्याचा पदर पिळत गोदू म्हणाली, "मुंबईचं मी इचारलंच न्हाय."

"अगं मग इचारलंस तरी काय?"

गोदूची नजर पायाशी खिळली. "इचारलं... वरच्या वाडीचं पानी मला मानवंल का."

येसाजीच्या हातातला दोर गळून पडला. आत्यानं एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे आणि कपाळावर हात मारला.

"तुजं काय रं बाबा? तुला कुनी इचारलं का?"

"मला..." तो लाजला, चक्क लाजला. "मला कौल लावायची गरज न्हाय, मावशे."

आत्या जांभळीच्या मुळावर टेकली. मग हळूहळू तिच्या गालांवर हसू सांडलं. "देवीच तुमच्या बाजूची, तर मी कोन मोडता घालनारी? पर कोंडाजीला सांगायच्या आदी तुजं घर बघू दे. आई-बा हायत ना घरात? चल, वाट दाव. गूळपानी तरी मिळंल का न्हाय?"

"मिळंल की! ही पायवाट सरळ घरीच जाते. तुमी व्हा म्होरं, मी दोर सोडून आलोच."

गुडघे धरत आत्या पुढं निघाली. गोदू तिच्यामागून अगदी सावकाश चालू लागली... मागून येणाऱ्याला गाठता यावं, इतकी सावकाश.