काउंटरवरची घंटा

टिंग.

"आले, आले!" सिग्नी हाल्वरसनने मागच्या धुलाईखोलीतून नेहमीसारखी हाक दिली, आली मात्र नाही. दोन्ही हातांत ओल्या चादरी होत्या.

टिंग... टिंग—टिंग.

"अहो, घंटा आहे ती, खेकडा नव्हे! ठेचताय काय?"

ती बाहेर आली. काउंटरपाशी पिवळा रबरी कोट घातलेला एक उंच माणूस उभा होता आणि कोटावरचं पाणी पफिन मोटेलच्या गालिच्यावर ठिबकत होतं. स्कार्बी गावात पाऊस ऑक्टोबरात येतो आणि जूनमध्ये कंटाळून जातो, त्यामुळे भिजलेल्या माणसाचं तिथे कुणाला कौतुक नसतं. तरीही सिग्नीने त्याच्याकडे जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं. गालिच्याच्या काळजीने, असं तिने स्वतःला सांगितलं.

"खोली हवी?"

"नको. मला विचारायचं होतं, की..." तो अडखळला. "तुमच्याकडे रडायला किती माणसं येतात?"

"खोली बघून की बिल बघून?"

तो हसला नाही. मग जरा उशिराने हसला, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, जणू दुसरा कोपरा कुठेतरी गहाण पडला होता.

त्याचं नाव निको बार्कोट. खेकडे धरणाऱ्या बोटीवर काम करायचा. गावाच्या बंधाऱ्यावर एक लाकडी मनोरा होता आणि त्यात एक मोठी घंटा. मे महिन्यातल्या एका शनिवारी गावातल्या बुडालेल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन ती वाजवायची, अशी रीत होती. पांगलेली कुटुंबं त्या दिवशी कुठून कुठून परत यायची. आता मनोरा कुजला होता. नगरपालिकेने कळवलं होतं, की दुरुस्त करा, नाहीतर आम्ही उतरवतो.

दुरुस्तीला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. पर्यटकांसाठी मात्र होता. मोटेलात राहणाऱ्या प्रत्येकाच्या बिलावर मुक्काम-कर लागायचा. तो साठवून एक समिती त्याचं अनुदान वाटायची. नियम सरळ होता. जे गावात माणसं झोपायला आणेल, त्याला पैसे. म्हणून अर्जात पहिलाच प्रश्न होता, तुमच्या कार्यक्रमामुळे बाहेरगावचे किती लोक रात्री मुक्कामाला राहतील?

"त्या शनिवारी माझ्याकडे एक खोली रिकामी नसते," सिग्नी म्हणाली. "पण झोपत कुणी नाही. रात्रभर नळ चालू असतात. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

"झोपले नाहीत तर चालेल?"

"कर पलंगावर आहे, झोपेवर नाही. बघू अर्ज." तिने कागद हातात घेतला. "हे काय? कार्यक्रमाचा प्रकार— क्रीडा?"

"दोनच पर्याय होते. 'सण व मनोरंजन' आणि 'क्रीडा'. मनोरंजनावर खूण करायला हात धजेना."

सिग्नी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने गंभीर चेहऱ्याने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "हे धरा, कप्तान. मी त्या समितीवर आहे, पाचांतली एक. अर्ज कसा भरावा हे कुणालाही सांगायला मला परवानगी आहे. पण माझ्या चादरी थांबत नाहीत."

मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि प्रत्येक घडीला ती दोन माणसं समोरासमोर चालत येतात. टोकाला टोक लागतं, बोटाला बोट लागतं, मग पुन्हा मागे जायचं. निको रोज संध्याकाळी यायला लागला. अर्जात 'शोकाकुल' खोडून 'पाहुणे' झालं, 'अश्रू' खोडून 'स्थानिक वारसा' झालं आणि चादरींच्या घड्या इतक्या लहान व्हायला लागल्या की कपाटात अर्धी जागा मोकळी राहिली.

"मालकीणबाई, ही चादर काल पण घडी केली होती."

"तुम्ही वाकडी केली होती."

"मी? मी जाळी घडी करतो, वीस हात लांबीची."

"मग खेकड्यांना चालत असेल तसलं. तू नीट धर जरा."

'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एका संध्याकाळी त्याने लुकाबद्दल सांगितलं. लुका त्याचा धाकटा भाऊ. दोन हिवाळ्यांपूर्वी खाडीच्या तोंडाशी त्याची बोट उलटली. सापडला नाही. आईने त्याचं नाव घंटेवर घेऊ दिलं नाही. म्हणायची, वाजवलंत तर तो मेला. दोन्ही वर्षं तिने जेवताना त्याचं ताट मांडलं.

"या नाताळात मांडलं नाही," निको म्हणाला. "भांडी धुता धुता म्हणाली, यंदा वाजव. बस, एवढंच." त्याने चादरीचं टोक जुळवलं. "आणि यंदाच घंटा उतरवतायत."

समितीत घंटेच्या बाजूने दोघं होते. विरुद्ध दोघं, त्यांत मोठ्या हॉटेलाचा मालक ड्वेन पर्डी. त्याला हमरस्त्यावर दुमजली प्लास्टिकचा खेकडा उभारायचा होता, पोटात शिरून फोटो काढता येईल असा. पाचवं मत सिग्नीचं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी शेवटच्या चादरीची घडी झाली आणि निकोने तिची बोटं सोडली नाहीत.

"सिग्नी, मला एक—"

तिने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "उद्या मतदान होईपर्यंत काही बोलू नकोस."

"का?"

"अध्यक्ष विचारतात, अर्जदाराशी काही संबंध आहे का. असला, तर सांगून दालनाबाहेर जावं लागतं. मत जातं. तू बोललास तर मी ऐकलेलं असेल. जे ऐकलंच नाही, ते सांगायचं कशाला?"

तिच्या तळव्याखाली त्याचे ओठ हलले. काय म्हणाला, कुणास ठाऊक. तिने ऐकलं नाही, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सिग्नी आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव करत होती. चांगला जमला होता. नगरपालिकेच्या बोळात मात्र निकोची आई, दोब्रिला, तिची वाट पाहत उभी होती. हातात धुरावलेल्या माशाची बरणी.

"घे, मुली. चादरीवाली तूच ना?" म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोन वर्षं माझ्या घरात कुणी शीळ घातली नव्हती. आता हा गाढव दाढी करताना घालतो. बेसूर. पण घालतो."

बैठक सुरू झाली. अध्यक्ष ओडेगार्डबाई नियमाप्रमाणे एकेकाला नाव घेऊन विचारत गेल्या. समोरच्या रांगेत निको स्वतःच्या बुटांकडे बघत होता. शेजारी त्याची आई, केस विंचरून, रविवारच्या कोटात.

"सिग्नी हाल्वरसन. अर्जदाराशी काही संबंध?"

'नाही' तिच्या जिभेवर तयार होतं. पण ते त्या म्हातारीच्या तोंडावर म्हणायचं होतं... आणि इतिवृत्तात कायमचं राहणार होतं.

"आहे."

निकोने मान वर केली.

"स्वरूप? आर्थिक की वैयक्तिक? नोंद करावी लागते."

"वैयक्तिक."

"कधीपासून?"

"चादरींपासून." दालनात खसखस पिकली. सिग्नीचे कान तापले. "म्हणजे... घडी घालताना!"

"अर्जदाराला याची कल्पना आहे?" ओडेगार्डबाईंनी चष्म्यावरून विचारलं. हा प्रश्न नियमांत नव्हता.

"आत्ता आली."

निको उभा राहिला. टोपी हातात चुरगळत म्हणाला, "माझ्याही बाजूने तेवढीच नोंद करा, बाई."

नोंद झाली. मग नियमाप्रमाणे सिग्नीला बाहेर जावं लागलं आणि नियमाप्रमाणेच निकोला आत थांबावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला आपलं म्हटलं होतं आणि ती बोळातल्या बाकावर माशाची बरणी मांडीवर घेऊन बसली होती.

दार उघडलं. "दोनास दोन," निको म्हणाला. "बरोबरी झाली की अर्ज पडतो म्हणे."

त्याने आईचा हात धरला आणि तो निघून गेला. म्हातारीने मागे वळून पाहिलं नाही.

पैसे खेकड्याला मिळाले. पुढच्या आठवड्यात क्रेन आली, तिने मनोरा उतरवला आणि घंटा नगरपालिकेच्या आवारात नेऊन टाकली. विम्याचं कारण सांगून तिला हात लावायलाही बंदी झाली. त्या संध्याकाळी निको धुलाईखोलीत आला, त्याने चादरीचं टोक धरलं आणि असं ओढलं की शिवण उसवली.

"मला घंटापण हवी होती आणि तूपण," तो म्हणाला. "त्यांनी एकच घे म्हटलं. निवड तू केलीस. मला न विचारता."

"हो."

"आईने पुन्हा ताट मांडायला सुरुवात केलीय."

"जातोस?" सिग्नीने विचारलं, चादरीआडून.

निकोने उसवलेली चादर गुंडाळून बाजूला ठेवली.

"दुसरी चादर दे," तो म्हणाला. "ही फाटली."

मेच्या त्या शनिवारसाठी घंटा नव्हती, तरी माणसं आदल्या संध्याकाळीच आली. पफिनची एकही खोली रिकामी नव्हती. रात्रभर नळ वाहिले. शनिवारी सकाळी बंधाऱ्यावर ती सगळी मनोऱ्याच्या उघड्या चौथऱ्याभोवती उभी राहिली, आता काय करायचं ते न कळून. सिग्नी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने कोटाच्या खिशातून काउंटरवरची छोटी घंटा काढली आणि चौथऱ्यावर ठेवली.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

एकेक नाव, एकेक टिंग. वारा इतका होता, की शेवटच्या रांगेला ऐकू जात नव्हतं. त्या रांगेतल्या लोकांनी पुढच्यांच्या खांद्याकडे बघून समजून घेतलं.

सगळ्यात शेवटी निकोने आईला पुढे आणलं. "लुका बार्कोट," तो म्हणाला. बेसूर.

म्हातारीने बोट ठेवलं. दाबलं.

टिंग.

त्या घंटेला जन्मभर एकच काम माहीत होतं. ती वाजली, की आतून कुणीतरी बाहेर यायचं. दोब्रिला पाण्याकडे बघत थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली. पाणी तसंच राखाडी होतं. तिने तिसऱ्यांदा दाबलं, आणि सिग्नीच्या तोंडून, निव्वळ सवयीने, निघून गेलं,

"आले... आले."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती मरणाची ओशाळली. पण आता म्हटलंच होतं, म्हणून चार पावलं चालून म्हातारीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

दोब्रिलाने तिच्याकडे पाहिलं नाही. घंटेवरचं बोट काढलं, आणि त्याच गार हाताने तिचा हात धरला.

"उशीर केलास," ती म्हणाली. "चल. घरी एक ताट मांडलेलं आहे."