ड्युटीवर बसायचं नाही

दिवा राहू दे, दार तेवढं लोटून घे. तुला मेडिकलला जायचंय ना? मग ऐक. ही उडती खबर नाही, माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलंय.

शनिवारची रात्र, अडीच वाजलेले. भाच्याला रक्तपेढीतून रक्ताची पिशवी आणायला पाठवलं होतं. काम साधं. खाली जायचं, पिशवी घ्यायची, जिना चढून प्रसूती वॉर्डात यायचं. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तिला दुसरी पिशवी लगेच हवी होती.

डॉक्टर झाला होता तो, पुढचं शिकत होता. शिकत कसला, राबत होता! त्या विभागाचा रिवाजच होता, पहिल्या वर्षाच्याने ड्युटीवर बसायचं नाही. कुणी जरा टेकलेला दिसला की मोठे सर पेशंटांदेखत आई-बाप काढायचे. वर ऐटीत सांगायचे, "आम्ही असेच घडलो." घडले म्हणे! डोंबल घडले. आदल्या वर्षी अशीच एक पोरगी, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, त्याच जिन्यावरून कोसळली. डोकं फुटलं, मान मोडली, जागच्या जागी गेली. आणि सर काय म्हणाले? "नाजूक होती." तिच्या बापासमोर म्हणाले! अजून आठवलं की माझं टाळकं फिरतं.

भाच्याचीही ती तिसरी रात्र. पिशवी छातीशी धरून जिना चढत होता. मनातल्या मनात सरांना शिव्या घालत होता, त्या रागावरच पाय उचलत होते. मधल्या वळणावर एकच दिवा, तोही मिणमिणता. तिथे पायरीवर एक बुटकी मुलगी बसलेली. अंगात पांढरा ॲप्रन.

"बस," ती म्हणाली.

"सर ओरडतील."

"ओरडू देत. बस."

"वर पेशंट आहे... रक्त..."

तिने हात पुढे केला. "मी लावते."

पिशवी द्यायला नको होती. पण दिली. तिची बोटं लागली... गार. मान एका खांद्यावर कललेली. सरळ होत नव्हती...

तेव्हा कळलं त्याला. ओरडायला गेला. आवाज नाही. तिथेच पायरीवर बसला. मग काहीच नाही...

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पहिली आठवण बाळंतिणीची. आपण तिला मारलं, म्हणत धावत सुटला. वॉर्डात बघतो तर बाईच्या चेहऱ्यावर रंग आलेला, चहा मागत होती! त्याच महिन्यात लागलेली सिस्टर म्हणाली, "रक्त केव्हाच लावलं की. ती बुटकी डॉक्टर आली होती. नवीन आहे का रे? बोलली नाही, पण हात काय चालतो तिचा!"

तेवढ्यात मोठे सर आले. "कुठे मेला होतास रात्रभर?"

"जिन्यावर झोपलो होतो," भाचा म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली नाही. "माणूस आहे मी. झोप येते मला."

सर लाल झाले. तोंड उघडलं... आणि नजर त्याच्या हाताकडे गेली. जिन्यावर त्याच्या डोक्याखाली कुणीतरी ॲप्रनची घडी ठेवली होती, तीच घेऊन तो धावला होता. त्याचा स्वतःचा तर अंगात होता.

"हा... कुणाचा?"

"तुम्हीच बघा."

सरांनी घडी उलगडली. कॉलरच्या मागे डाग. काळा, जुना, वाळून कडक झालेला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं...

बोट लाल झालं. ओलं.