मगनबाबाची फांदी

जेवणं उरकली होती. आबांनी ओट्यावर बाज ओढली तेवढ्यात लांब कुठेतरी मालगाडीने शिट्टी दिली आणि मी दचकले.

"ताई, गाडी शे ती, वाघ नही," माझा चुलतभाऊ कुंदन हसला.

"हासू नको रे," भटूआबा म्हणाले. वडिलांचे काका ते. "उमाकांत बी असाच हासे."

मग त्यांनी सांगितलं. मी ऐकलं तसं लिहिते आहे, आणि दिवसाउजेडी लिहिते आहे.

रनाळ्याचा उमाकांत आबांच्या बरोबरीचा. गेल्या कार्तिकातली अमावास्या, गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. सून रंजिता हिला कळा सुरू झाल्या म्हणून तिला नंदुरबारला न्यायला त्याने घरची व्हॅन काढली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पहिलटकरीण, वेळ लागतोच. मुलगा चंदन मागे बायकोजवळ बसला. उमाकांतच्या बायकोने, दगूबाईने, सुनेच्या अंगावर नवी गोधडी घातली. लाल लुगड्याची, हिरव्या काठाची. बाळंतपणासाठी तिनेच शिवलेली.

नंदुरबारच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे. सिग्नल मिळाला नाही की मालगाडी नेमकी तिथे उभी राहते, तासन्‌तास. हेल्पलाइनला फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, आपली तक्रार नोंदवली आहे. गाडी हलत नाही. म्हणून लोकांनीच सोय केलेली. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे तिठा आहे, तिथून लांबच्या पुलावरून फेरा घेता येतो. फाटकावरून परत फिरणाऱ्याने तिठ्यावरच्या मैलाच्या दगडाला निंबाची फांदी बांधायची. फांदी दिसली की समजायचं, फाटकावर गाडी उभी आहे. गाडी गेली की पलीकडून येणाऱ्याने ती सोडून टाकायची. शेळ्या चारणाऱ्या मगनबाबाने ही रीत पाडली. तो चिंधीने बांधायचा. दुहेरी गाठ. पुढे मोबाइलवर 'फाटक खबर' नावाचा ग्रुप निघाला.

"मंग फांदी कोन दखस?" कुंदन म्हणाला.

"कोनीच नही. एकला मगन बांधे," आबा म्हणाले. "दिवाईना पहिले गया तो. तेच फाटकवर. उभी गाडीखालथून निंघना, आनि गाडी हालनी."

कुंदन मग हसला नाही.

तर व्हॅन तिठ्यावर आली. दिव्यांच्या उजेडात मैलाचा दगड दिसला. दगडाला फांदी. पानं हिरवीगार.

चंदन म्हणाला, "बापू... मगनबाबा तं..."

"कोन्ही पोऱ्यानी चेष्टा करेल शे." उमाकांतने मोबाइल पाहिला. ग्रुपवर आत्ताच कोणीतरी टाकलं होतं, गाडी गेली, फाटक उघडं. तो उतरला, फांदी तोडून नालीत फेकली आणि हसत म्हणाला, "आते काय फांदीवर चालानं का?"

एक गाडी गेली होती, हे खरं. दुसरी येऊन उभी होती.

फाटक बंद. मालगाडीला ना तोंड दिसे ना शेपूट. रंजिताच्या कळा आता दम घेऊ देत नव्हत्या. मागे फिरून पुलावरून जायचं तर तास मोडला असता. फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स पोचली होती, पण पलीकडे. तिचा निळा दिवा डब्यांच्या चाकांमधून लुकलुकत होता. इतका जवळ.

"बापू, खालथून काढूत," चंदन म्हणाला. "सगळा काढतस."

खरंच सगळे काढतात. शाळेची पोरं, म्हाताऱ्या, सायकली.

दोघांनी रंजिताला गोधडीत घेतलं. चंदन डोक्याकडे, उमाकांत पायाकडे. उमाकांत पुढे. तो वाकला. एक हात रुळावर टेकला. रूळ गार होता.

गोधडीचं टोक आत गेलं.

तोंडात मोबाइलची बॅटरी धरलेली. उजेड चाकावर पडला... मग मधल्या खडीवर... मग पायांवर.

कोणीतरी बसलं होतं. दोन रुळांच्या मध्ये. उकिडवं. वाट अडवून.

मांडीवर निंबाची फांदी.

उमाकांतच्या तोंडातली बॅटरी पडली.

अंधारातून आवाज आला. रागाचा नाही. थकलेला.

"फांदी काबर फेकी दिनी, बापू?"

...

उमाकांत मागे कोसळला. त्याच्याबरोबर रंजिता, तिच्याबरोबर चंदन. आणि तेव्हाच लांबून कड... कड... कड... एकेक डबा ओढला जात आवाज जवळ आला. चाक फिरलं. गोधडीचा कोपरा रुळावर राहिला होता. तो कापत चाक गेलं. त्यामागून दुसरं. तिसरं.

गाडी निघून गेली तेव्हा रुळांमध्ये नुसती खडी होती. कोपराही नव्हता.

फाटक उघडलं. ॲम्ब्युलन्स अलीकडे आली. पहाटेच्या आधी मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

आबा थांबले. मला वाटलं, संपलं. मी मोठ्याने श्वास सोडला.

"सकाळी उमाकांत घर येवाले निंघना," आबा हळू आवाजात म्हणाले. "तिठावर व्हॅन थांबाडी."

नालीत त्याने फेकलेली फांदी तशीच पडली होती, रात्रीत कोमेजलेली. आणि मैलाच्या दगडाला दुसरी होती. ताजी. पानांवर दव.

लाल चिंधीने बांधलेली. चिंधीला हिरवा काठ. काठावर दगूबाईचे टाके.

गाठ दुहेरी.